कुत्र्याच्या गमतीच्या चित्रातही तो कुत्रा ओळखू आला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या पत्रव्यवहाराच्या सदरात नुकतेच एक पत्र प्रसिद्ध झाले. घरच्या कुत्र्याला चष्मा लावून खुर्चीत बसवलेला, पोळ्या लाटताना किंवा हिशेबाची वही लिहिताना दाखवलेला अशी चित्रे मुद्दाम काढून घेण्याची जी हौस आपल्या बडोद्यात अलीकडे दिसू लागली आहे, ती म्हणजे कलेची थट्टा आणि पैशाची नासाडी असून राजा रविवर्म्यांच्या वास्तव्याने पावन झालेल्या शहराला ती शोभत नाही, असे त्या पत्रलेखकांचे म्हणणे होते. त्यांच्या कलाप्रेमाविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु मी नोकरीची सारी वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्तीनंतरही जुन्या विद्यार्थ्यांची कामे पाहत असते आणि त्यांतील काही जण अशीच चित्रे काढून घर चालवतात, म्हणून या विषयाची दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. या प्रकारात वाईट चित्रे पुष्कळ आहेत, हे मी प्रथमच मान्य करते. माझे म्हणणे एवढेच की, कुत्र्याला माणसाचे काम दिल्याने चित्र वाईट होत नाही. ज्याचे म्हणून ते काढले तो कुत्राच त्यात सापडत नाही, तेव्हा ते वाईट होते.

पत्रलेखकांनी या चित्रांना मोबाइलच्या जमान्यातले परदेशी खूळ म्हटले आहे. प्राण्यांना माणसांच्या उद्योगात गुंतवून त्यांची चित्रे काढणे हे मात्र अतिशय जुने आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तचा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा एक पपायरस आहे आणि त्यावर सिंह व हरिण समोरासमोर बसून पटावर सोंगट्या खेळत आहेत. जपानमधील क्योटोच्या कोझान-जी मंदिराशी निगडित असलेल्या बाराव्या-तेराव्या शतकांतील गुंडाळपटांवर ससे आणि बेडूक कुस्ती खेळतात. आपल्या मराठी इतिहासात तर हा प्रकार चित्रात नव्हे, प्रत्यक्ष दरबारात घडला आहे. वाघाच्या शिकारीत ज्या कुत्र्याने आपले प्राण वाचवले, त्याला साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांनी जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिला आणि एकदा त्याला जरीवस्त्रे व दागिने घालून, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवून दरबार भरवला, असे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नोंदवून ठेवले आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आजही दाखवली जाते. ज्या समाजाने कुत्र्याला पालखीत बसवले, त्या समाजाला कुत्रा झोपाळ्यावर बसलेला पाहून परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

विशिष्ट कुत्र्याचे, त्याच्या मालकाच्या सांगण्यावरून काढलेले विनोदी चित्रही काही आजचे नाही. एडविन लँडसीर या इंग्रज चित्रकाराने १८४० मध्ये कुत्र्यांचे न्यायालय रंगवले. त्यात एक पांढरा पूडल न्यायाधीशाच्या जागी बसला आहे, त्याचा पंजा ग्रंथावर आहे आणि भोवती निरनिराळ्या जातींचे कुत्रे वकिलांसारखे गोळा झाले आहेत. हा पूडल चित्रकाराने मनाने रचलेला नव्हता. तो काउंट डोर्से या त्या काळच्या लंडनमधील प्रसिद्ध गृहस्थाचा, घरात हिंडणारा खराखुरा कुत्रा होता. हे चित्र डेव्हनशरच्या ड्यूकने घेतले, तेव्हा त्याने आपल्या स्वतःच्या स्पॅनियलला त्यात जागा करून द्यायला लावली आणि लँडसीरने पूर्ण झालेल्या चित्रात तो कुत्रा नंतर बसवला. आज एखादी गृहिणी चित्रकाराला, “आमच्या राजालाही यात घ्या हं,” असे सांगते, तेव्हा ती त्या ड्यूकपेक्षा वेगळे काही मागत नाही.

यानंतर कॅसियस मार्सेलस कूलिज (१८४४–१९३४) या अमेरिकन चित्रकाराचा उल्लेख करावाच लागतो, कारण पत्त्यांच्या टेबलाभोवती बसलेल्या कुत्र्यांची त्याची चित्रे जगभर पोहोचली. जाहिरातीच्या दिनदर्शिका छापणाऱ्या ब्राउन अँड बिगेलो या कंपनीने १९०३ पासून त्याच्याकडून माणसांसारख्या वागणाऱ्या कुत्र्यांची सोळा चित्रे करून घेतली, त्यांतच ही पत्त्यांची चित्रेही होती. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध चित्रात एक बुलडॉग टेबलाखालून हळूच आपल्या जोडीदाराला एक्का सरकवतो आहे. समीक्षकांनी या चित्रांना दीर्घकाळ नाके मुरडली. पुढे २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्यांतील दोन चित्रांची जोडी ५,९०,४०० डॉलरला गेली. लिलावातील किमतीवरून चित्राची योग्यता ठरत नाही, असे मी वर्गात नेहमी सांगत आले, म्हणून त्या आकड्याचा आधार मी घेत नाही. मला येथे कूलिजच्या दुसऱ्याच एका उद्योगाची आठवण करून द्यायची आहे. जत्रेत आणि थंड हवेच्या ठिकाणी आपण सर्वांनी ती रंगवलेली फळी पाहिली आहे, जिच्यावर पैलवानाचे किंवा राजाचे धड काढलेले असते, तोंडाच्या जागी भोक असते आणि मागून आपले तोंड त्यात घालून फोटो काढून घ्यायचा असतो. त्या फळीच्या प्रसाराचे श्रेयही कूलिजलाच दिले जाते.

आज बाजारात कुत्र्याचे गमतीचे चित्र म्हणून जे विकले जाते, त्यातील बराचसा माल म्हणजे ती फळीच आहे. लष्करी गणवेश, राजाचा अंगरखा, सूट-टाय, वर्तमानपत्र वाचणारा सोफ्यावरचा देह हे सारे आधीच तयार असते. ग्राहकाने पाठवलेल्या फोटोतील तोंड कापून त्या देहाच्या मानेवर बसवले जाते आणि काही मिनिटांत चित्र तयार होते. त्या देहावर आज लॅब्राडोरचे तोंड असते, उद्या पामेरियनचे. पत्रलेखकांनी दुकानांतून हीच चित्रे पाहिली असावीत आणि ती पाहून त्यांना उबग आला असेल, तर त्यांच्या त्या भावनेशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त तेवढ्यावरून सगळ्या प्रकारालाच त्यांनी निकालात काढू नये.

आमच्या शेजारच्या घरात मोत्या नावाचा कुत्रा आहे. तो गल्लीतूनच आला, तांबूस रंगाचा, शेपटी पाठीवर वळलेली, उजव्या डोळ्याभोवती गडद पट्टा आणि एका कानाला खाच. त्या घरातले काका सकाळी चहा घेऊन झोपाळ्यावर बसतात आणि आपले मराठी वृत्तपत्र उघडतात. त्याच क्षणी मोत्या उडी मारून शेजारी बसतो आणि पुढचा पंजा नेमका त्याच पानावर ठेवतो, जे काका वाचत असतात. “अरे बाबा, आधी मला वाचू दे,” हे वाक्य आम्हाला भिंतीपलीकडून रोज ऐकू येते. काकांच्या मुलाने त्यांच्या वाढदिवसासाठी आधी इंटरनेटवरच्या एका विक्रेत्याकडून मोत्याचे चित्र मागवले. आले ते असे की, सूट घातलेला एक धिप्पाड देह सोफ्यावर बसलेला, हातात कॉफीचा मग आणि वर मोत्यासारखे काहीतरी तोंड. डोळ्याभोवतीचा पट्टा उजवीकडून डावीकडे गेला होता आणि दोन्ही कान अगदी सुबक, अखंड होते. ‘ग्राहकाच्या मागणीनुसार बनवलेली वस्तू परत घेतली जात नाही’ असा नियम दाखवून विक्रेत्याने हात वर केले.

मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते काम हाती घेतले. तो आधी त्यांच्या घरी जाऊन बसला, मोत्याला पाहिले, काकांशी बोलला आणि मग त्याने मोत्याला झोपाळ्यावरच बसवले. चष्मा नाकावर घसरलेला आहे, मागचा एक पाय फरशीला रेटा देतो आहे आणि वृत्तपत्र दोन्ही पंजांखाली दाबून धरले आहे, त्यामुळे त्याचे एक पान निसटून खाली लोंबते आहे. काका चित्रात नाहीत. झोपाळ्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा चहाचा कप तेवढा ठेवलेला आहे. हे चित्र पाहून घरात प्रथम हशा झाला आणि नंतर काकांनी ते किती तरी वेळ जवळ धरून पाहिले. घरी येणारा प्रत्येक जण चित्राखालचे नाव न वाचता मोत्याला ओळखतो. व्यक्तिचित्राकडून आपण याहून निराळी अपेक्षा कोणती करतो? रविवर्म्यांच्या चित्रातही आपण प्रथम हेच पाहतो की, समोरचे माणूस तेच आहे की नाही.

त्या निसटलेल्या पानाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण या कामातील कौशल्य तेथे दिसते. कुत्र्याला आपल्यासारखा वस्तू पकडणारा अंगठा नसतो आणि त्याच्या खांद्याची हाडे गळपट्टीच्या हाडाने छातीशी जोडलेली नसल्याने त्याचे पुढचे पाय धावण्यासाठी पुढे-मागे सहज जातात, पण आपल्या हातांसारखे बाजूला पसरत नाहीत. म्हणून कुत्र्याच्या अंगाला माणसाचे हात जोडले की चित्र पाहणाऱ्याला काहीतरी बिघडल्यासारखे वाटते, जरी नेमके काय बिघडले ते त्याला सांगता आले नाही तरी. चांगला चित्रकार कुत्र्याचे शरीर कुत्र्याचेच ठेवतो आणि त्याच शरीराने हे काम कसे केले असते, याचा विचार करतो. कप असेल तर तो दोन पंजांच्या मध्ये धरला जाईल, लाटणे पंजाखाली फिरेल, पिशवी तोंडात येईल. या अडचणीतूनच विनोद जन्माला येतो आणि तो कुत्र्याची टवाळी करून केलेला नसतो. त्याचा प्रयत्न पाहून आपल्याला हसू येते, आणि त्याच्याविषयी माया वाटते.

विनोदाचा दुसरा उगम त्या प्राण्याची स्वतःची सवय हा आहे. सूरसागराजवळ राहणाऱ्या एका कुटुंबातील कुत्री उत्तरायणाच्या दिवशी सकाळपासून गच्चीवर फिरकीपाशी ठाण मांडते आणि कोणाचा पतंग कापला की घरातल्या मुलांच्या आधी भुंकून वर्दी देते. तिच्या चित्रात ती फिरकी धरून उभी आहे आणि नजर आभाळात आहे. शेव-उसळीचा धंदा असलेल्या एका घरातला लठ्ठ लॅब्राडोर तरीच्या पातेल्यापासून हलत नाही. त्याला चित्रकाराने पातेल्यामागे पळी देऊन उभे केले आणि गिऱ्हाइकांची रांग त्याच्यापुढे लावली. ही दोन चित्रे एकमेकांच्या घरी टांगली तर त्यांना काही अर्थ उरणार नाही. माझ्या दृष्टीने चांगल्या चित्राची हीच कसोटी आहे.

मोत्याच्या कानाच्या खाचेकडेही मी संपादकांचे आणि वाचकांचे लक्ष वेधू इच्छिते. निर्बीजीकरण झालेला रस्त्यावरचा कुत्रा पुन्हा पकडला जाऊ नये, म्हणून त्याच्या कानाला ओळखीची खाच देतात आणि प्राणी जन्मनियंत्रण नियमांत तशी तरतूद आहे. आपल्या शहरात अशा कितीतरी कुत्र्यांना लोकांनी घरात घेतले आहे. तयार साच्यातून चित्र करणारे ही खाच हटकून भरून काढतात. त्यांना तो फोटोतील दोष वाटत असावा. घरच्यांच्या दृष्टीने त्या प्राण्याचा रस्त्यावरून उंबरठ्यापर्यंतचा सारा प्रवास त्या खाचेत असतो. ज्यांनी देशी कुत्रा पाळला आहे, त्यांनी चित्र सांगताना ही खाच, जुन्या जखमेचा व्रण, अर्धवट पडलेला कान हे सर्व तसेच ठेवायला आवर्जून सांगावे. तांबूस रंगाचे चार देशी कुत्रे परक्याला एकसारखे दिसतात. त्यांच्यातला आपला कोणता, हे याच खुणांवरून कळते.

कुत्र्याच्या चेहऱ्यावर माणसासारखे भाव दिसतात, ही आपली नुसती कल्पना आहे असे अनेकांना वाटते. या बाबतीत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन चित्रकारांना उपयोगी आहे. कुत्रे आणि लांडगे यांच्या चेहऱ्याच्या स्नायूंची तुलना केल्यावर असे आढळले की, भुवईचा आतील कोपरा वर उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला विकसित झालेला आहे, तर लांडग्यांमध्ये त्याच्या जागी बहुधा थोडेसे तंतूच असतात. माणसाच्या हजारो वर्षांच्या सहवासात हा फरक पडला असावा, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. भुवई वर गेली की डोळे मोठे आणि काहीसे केविलवाणे दिसतात, आणि आपण विरघळतो. म्हणजे चित्रकाराने कुत्र्याला माणसाचे ओठ आणि माणसाचे हसू देण्याची मुळीच गरज नाही. डोळ्याच्या वरची ती लहानशी हालचाल अचूक टिपली की पुरे. माझ्या पाहण्यात जी चित्रे फसलेली आहेत, त्यांतील बहुतेकांत दात दाखवून हसणारा कुत्रा आहे.

ज्यांना असे चित्र करून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी येथेच थोडे व्यवहाराचे सांगते, कारण फोटो चांगला नसेल तर चित्रकाराचा नाइलाज होतो. फोटो जमिनीवर बसून, कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढावा; उभ्याने वरून काढलेल्या फोटोत डोके मोठे आणि पाय आखूड येतात. मोबाइल अगदी नाकाशी नेला की नाक फुगते, म्हणून थोडे लांब राहावे. फ्लॅश वापरू नये, कारण कुत्र्याच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो आणि फ्लॅशमध्ये डोळे हिरवे-पिवळे चमकून त्यांचा खरा रंग नाहीसा होतो. काळ्या कुत्र्याचा फोटो सकाळी सावलीत काढावा, नाहीतर केसांची वळणे हरवून नुसता काळा आकार उरतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जाऊन लहान होतो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. संगणकावर केलेले चित्र ए-३ आकारात नीट छापायचे, तर दर इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने ते सुमारे ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेलचे असावे लागते, हेही ऑर्डर देतानाच विचारून घ्यावे. आणि फोटोबरोबर सवयी लिहून द्याव्यात. तो कोणाच्या खुर्चीत बसतो, कोणत्या आवाजाला पळून जातो, दुपारी कोठे झोपतो, हे चित्रकाराला कोणताही फोटो सांगू शकत नाही.

फोटोसाठी खऱ्या कुत्र्याला मात्र कपडे, टोपी किंवा चष्मा चढवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही; तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात अंगावर जाड कापड म्हणजे त्याला शिक्षाच आहे. ओठ चाटत राहणे, कान मागे दाबणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरपे पाहणे ही अस्वस्थतेची लक्षणे आहेत आणि अशा फोटोंत ती अनेकदा स्पष्ट दिसतात, तरी लोक त्यालाच गंमत समजतात. चित्रात पगडी घाला, अंगरखा घाला, चुलीपुढे बसवा. त्या प्राण्याला त्याचा काही त्रास नाही. हसायला मिळावे आणि कोणाच्या जिवाला तोशीस पडू नये, हे चित्रकलाच साधू शकते.

पत्रलेखकांनी राजा रविवर्म्यांचे नाव घेतले, म्हणून बडोद्याच्या परंपरेविषयीही लिहिणे भाग आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी राज्यकारभाराची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली, त्या समारंभाच्या निमित्ताने १८८१ मध्ये रविवर्मा येथे आले आणि त्यांनी राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे काढली. पुढे त्यांची पौराणिक चित्रेही येथे आली आणि आज ती महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आपण पाहतो. ही सर्व चित्रे कोणाच्या तरी सांगण्यावरून, मोबदला घेऊन केलेली होती आणि त्यामुळे त्यांचे मोल तिळभरही कमी झालेले नाही. त्याच रविवर्म्यांनी १८९४ मध्ये छापखाना काढून आपली चित्रे सामान्यांच्या घरोघरी पोहोचवली. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले, ते हस्तकौशल्य आणि धंदेशिक्षण यांची सांगड घालण्यासाठी. दादासाहेब फाळके तेथे शिकले. म्हणजे कलेतून उदरनिर्वाह व्हावा आणि ती लोकांच्या भिंतीवर दिसावी, हा विचार या शहराला नवा नाही.

विषयाच्या हलकेपणाबद्दल म्हणाल, तर आपल्याच शहरात राहून भूपेन खख्खर यांनी १९७० च्या दशकात घड्याळ दुरुस्त करणारा, न्हावी, शिंपी अशा रोजच्या माणसांना मोठ्या कॅनव्हासवर स्थान दिले, तेव्हाही त्या विषयांबद्दल अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. ते स्वतः हिशेबनीसाची नोकरी करत असत आणि साध्या दुकानातल्या साध्या कामात त्यांना चित्र दिसे. कुत्र्याचे गमतीचे चित्र त्यांच्या कलाकृतींच्या पंक्तीला बसवावे, असे मी म्हणत नाही. रोजची कामे हा चित्राचा विषय होऊ शकतो, हे बडोद्याला पुन्हा सिद्ध करून दाखवण्याची गरज नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

पत्रातील एका वाक्याने मला विशेष वाईट वाटले. मेलेल्या कुत्र्याचेही असे विनोदी चित्र करून घेणे हा असंस्कृतपणा आहे, असे त्यात म्हटले होते. माझ्या परिचयातील एक आजी रोज सकाळी खंडेराव मार्केटात भाजीला जात आणि त्यांची छोटी पांढरी कुत्री सोनी प्रत्येक वेळी बरोबर असे. भेंडीच्या टोपलीपाशी ती हमखास थांबायची आणि वास घेतल्याशिवाय पुढे सरकत नसे. सोनी म्हातारी होऊन गेली, तेव्हा घरच्यांनी हार घातलेला फोटो लावायचे ठरवले होते. आजींनी नकार दिला आणि सोनीचे भाजी निवडतानाचे चित्र करून मागितले. त्यात सोनीने तोंडात पिशवी धरली आहे, टोपलीवर एक पंजा टेकला आहे आणि भाजीवाली तिच्याकडे भावाच्या घासाघिशीला तयार होऊन पाहते आहे. हे चित्र स्वयंपाकघरात लावलेले आहे आणि आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यातली टोपली दाखवून सोनीच्या गोष्टी सांगतात. दुःखात गांभीर्यच हवे, असा आग्रह धरण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला कसा असेल? गेलेल्या माणसाच्या आठवणी निघाल्या की आपल्या घरांतही त्यांच्या खोड्या आणि लकबी सांगून आपण हसतोच. मुक्या जीवाला तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

पैशाच्या नासाडीच्या आरोपाबद्दल सांगायचे, तर पैसे वाया जातात ते फळीवरच्या चित्रावर. प्रत्यक्ष पाहून, विचार करून केलेल्या चित्राला चित्रकाराचे कित्येक तास लागतात आणि बडोद्यात ललितकलेचे शिक्षण घेतलेली पुष्कळ मुले-मुली असे काम उत्तम करू शकतात. येथे ग्राहक आणि चित्रकार दोघांनाही कायद्याची एक गोष्ट माहीत असावी. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला प्रताधिकार, निराळा करार नसेल तर, ते करून घेणाऱ्याकडे जातो. मात्र कलम ५७ प्रमाणे ते चित्र आपण काढले आहे असे सांगण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. त्यामुळे चित्रकाराला ते चित्र पुढे आपल्या दिनदर्शिकेत किंवा शुभेच्छापत्रात वापरायचे असेल, तर तसे आधीच लिहून घ्यावे, आणि ग्राहकानेही चित्राच्या कोपऱ्यातील सही खोडून टाकण्याचा आग्रह धरू नये. फ्रेमवाले आणि भेटवस्तूंचे दुकानदार यांनीही चित्र हाताने केले आहे, तयार साच्यावर बसवले आहे की संगणकाने आपोआप बनवले आहे, ते ग्राहकाला स्पष्ट सांगून तशी किंमत घ्यावी. स्वस्त चित्र घेणाऱ्याने ते खुशाल घ्यावे. पण हाताच्या कामाचे पैसे मोजणाऱ्याच्या हाती साच्यातला माल पडू नये.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी एक विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा तरी स्थानिक चित्रकाराने काढलेले असे एखादे चित्र, चित्रकाराच्या नावासह आणि त्या प्राण्याच्या सवयीविषयी घरच्यांनी लिहिलेल्या चार ओळींसह छापावे. आक्षेप घेणाऱ्या पत्रलेखकांनाही माझे आग्रहाचे निमंत्रण आहे. त्यांनी एखाद्या सकाळी आमच्या गल्लीत यावे, मी त्यांना शेजारी घेऊन जाईन. काकांनी होकार दिला आहे आणि चित्र बैठकीच्या खोलीतच आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे